थारमधला उंट: सफारी वगळली तर आज नेमका उपयोग काय?

रेतघड्याळ

प्रश्न पश्चिम राजस्थानबद्दल आहे: बिकानेर, जैसलमेर, बाडमेर, जोधपूरचा पट्टा. पर्यटकांना वाळूवर फिरवणं सोडून द्या. तिथल्या शेतकऱ्याला किंवा पशुपालकाला उंट आज कशासाठी लागतो? शाळेतला धडा 'वाळवंटातील जहाज' आणि 'कुबडात पाणी साठवतो' एवढ्यावर संपायचा, त्यापलीकडचं हवं आहे.

पाठीवर किती ओझं चालतं आणि गाडीला किती? दूध खरोखर विकतात का, की नुसता गाजावाजा? त्या दुधाचं दही लागत नाही, पनीर होत नाही असं वाचलं, ते का? एवढा उपयोगी असेल तर पशुगणनेत आकडा दरवेळी घसरतो कसा? आणि शेवटचं: माण-खटाव किंवा मराठवाड्याच्या कोरडवाहू भागात पाळता येईल का? माहीतगारांनी आकड्यांसह लिहावं.

खेजडी

आधी कुबडाचं. त्यात पाणी नसतं, चरबी असते. 'चरबी जाळून पाणी मिळतं' हा युक्तिवादही फारसा टिकत नाही. एक ग्रॅम चरबीतून एक ग्रॅमपेक्षा किंचित जास्त पाणी तयार होतं हे खरं, पण ती जाळायला लागणारा प्राणवायू कोरड्या हवेतून घेताना फुप्फुसांवाटे तेवढं किंवा त्याहून जास्त पाणी निघून जातं. कुबड हा खाण्याचा साठा आहे. चरबी अंगभर न पसरता एका जागी राहिल्यामुळे बाकी अंगातून उष्णता बाहेर पडायला आडकाठी येत नाही. कुबड ढिलं पडून एका बाजूला कललं की समजायचं, जनावर उपाशी आहे नाहीतर आजारी. उंट विकत घेणाऱ्याचा हात म्हणूनच आधी तिथे जातो.

पाण्याची खरी बचत घाम टाळण्यात आहे. प्राणिशरीरशास्त्रज्ञ श्मिट-नील्सन यांनी 1950च्या दशकात अल्जीरियाच्या सहारात मोजमापं घेतली. पाणी न मिळालेल्या उंटाचं तापमान पहाटे 34 अंशांच्या आसपास उतरतं आणि दुपारी 40च्या वर जातं. 500 किलोचा उंट 6 अंशांनी तापला, तर साधारण 2,400 किलोकॅलरी उष्णता अंगात साठते. तीच घामावाटे काढायची तर 4 लिटरच्या वर पाणी खर्च झालं असतं. रात्री गार वाऱ्यात ती उष्णता फुकट बाहेर जाते. अंगावरचे केसही इथे कामाचे असतात. त्याच प्रयोगांत भादरलेल्या उंटाचं पाणी न भादरलेल्यापेक्षा जवळपास दीडपट खर्च झालं. थारमध्ये केस होळीच्या सुमारास कातरतात, म्हणजे उन्हाळा तापेपर्यंत थोडे परत येतात. ऐन मे महिन्यात कातरणं हा शुद्ध वेडेपणा.

दुसरी गोष्ट रक्ताची. वजनाच्या 25 टक्के पाणी गेलं तरी उंट उभा राहतो. बहुतेक सस्तन प्राणी त्याच्या निम्म्यातच कोसळतात. पाणी जातं ते मुख्यतः पेशींतलं आणि पोटातलं, रक्तातलं कमी. त्यामुळे रक्त घट्ट होत नाही. मग पाणी मिळालं की दहा मिनिटांत 100 लिटर पिऊ शकतो. त्याच्या तांबड्या पेशी लंबगोल असतात आणि दुपटीहून जास्त फुगूनही फुटत नाहीत.

मात्र 'आठवडाभर पाणी नको' याचा अर्थ आठवडाभर राबवायचा असा नाही. हिवाळ्यात ओला पाला चरणारा मोकळा उंट कित्येक दिवस पाण्याकडे फिरकत नाही. उन्हाळ्यात गाडी ओढणाऱ्याला रोज, फार तर दिवसाआड पाणी लागतं, तेही 30-40 लिटर.

चाऱ्याचा मुद्दा पाण्याहून मोठा आहे, पण त्याकडे कुणी बघत नाही. खेजडी (म्हणजे आपली दसऱ्याची शमी), जाळ, केर, बोरी, फोग, बाभूळ: शेळीचं तोंड पोचत नाही त्या उंचीवरचा, काटेरी, खारट पाला हा याचा मुख्य आहार. एका झाडाचे चार घास घेऊन पुढे सरकतो, झाड ओरबाडत नाही. दिवसाला 8-10 तास चरायला मोकळा वेळ हवा. बांधून ठेवून कडबा घालणं शक्य आहे, पण मग खर्च बैलासारखाच येतो आणि सगळा फायदा गेला.

मीठ विसरू नका. लाणासारख्या खारट वनस्पती चरायला नसतील तर दिवसाला 50 ते 100 ग्रॅम मीठ द्यावं लागतं. ते कमी पडलं तर खाणं मंदावतं, कातडीवर जखमा होतात आणि त्या भरता भरत नाहीत.

जू-जोतं

ओझ्याचं मी लिहितो.

पाठीवर लांब पल्ल्यासाठी 150 ते 200 किलो, जवळच्या जवळ 300पर्यंत. ओझं घेऊन दिवसाला 25-30 किलोमीटर. त्याच उंटाला गाडीला जुंपलं की एक ते दीड टन ओढतो, ताशी 4 किलोमीटरच्या आसपास. हा फरक चाकाचा आहे. अरुंद लोखंडी धावेचं चाक वाळूत रुततं. रुंद, हवा भरलेला टायर वर तरंगतो. बिकानेरच्या गाड्यांना विमानाचे उतरवलेले टायर लावायची पद्धत त्यातूनच पडली. चारा, लाकूड, जिप्सम, बांधकामाची वाळू-विटा आणि ढाणीवर (रानातल्या वस्तीवर) पाण्याची टाकी, हे या गाडीचं रोजचं काम. शेतात बैलजोडीऐवजी एकच उंट नांगर ओढतो. वाळूमिश्रित जमीन उथळच नांगरायची असते, त्याला तो पुरतो. जुन्या खोल विहिरींवर मोटही उंटच ओढत. विहीर 60-70 मीटर खोल असेल तर तेवढंच लांब चालून जायचं आणि परत यायचं, अशी ती धाव.

गाडी दोन चाकी, तेव्हा तोल महत्त्वाचा. माल पुढे जास्त झाला तर दांड्यांचा भार पलाणावरून (उंटाच्या खोगिरावरून) पाठीवर येतो. मागे जास्त झाला तर दांड्या वर उचलल्या जातात आणि पोटाखालचा तंग आवळतो, उंट चालायचाच थांबतो. रिकाम्या गाडीचा तोल बरोबर असेल आणि भरताना माल आसाच्या थोडा पुढे राहिला, तर त्रास होत नाही.

पलाणाखालची गादी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. कुबडाच्या टोकावर आणि पाठीच्या कण्यावर लाकूड टेकता कामा नये, भार दोन्ही बाजूंच्या बरगड्यांवर पडला पाहिजे. गादी दबून पातळ झाली की आधी केस उडतात, मग कातडी ओली दिसते, मग जखम. केस उडाले त्याच दिवशी काम थांबवून गादी नव्याने भरावी. जखम झाल्यावर माश्या बसतात आणि महिना-दोन महिने उंट बसून खातो.

नाकातल्या लाकडी खुंटीला तिकडे गिरबाण म्हणतात, दोरीला मोरी. दोरी मुद्दाम बारीक ठेवायची. उंट बिचकला तर दोरी तुटली पाहिजे, नाकपुडी नाही. एकामागे एक उंट बांधतानाही हाच नियम. जाड नायलॉनची दोरी लावणाऱ्यांच्या उंटांची नाकं फाटलेली दिसतात. खुंटी अडीच-तीन वर्षांच्या वयात बसवतात, हलक्या कामाला चौथ्या वर्षी सुरुवात होते, पूर्ण भार सहाव्या वर्षानंतरच. नीट सांभाळला तर पंधराएक वर्षं काम देतो.

नर हिवाळ्यात माजावर येतो, साधारण नोव्हेंबर ते मार्च. तोंडाला फेस, मानेमागच्या ग्रंथीतून काळपट स्राव, गालाबाहेर लोंबणारा टाळूचा लालसर फुगा, खाणं अर्ध्यावर. या काळात मुसकं बांधल्याशिवाय त्याच्या पुढ्यात जायचं नाही. उंटाचा चावा सुळ्यांचा असतो, हाड मोडतो.

अवांतर: सगळे उंट सारखे नाहीत. बिकानेरी दणकट, ओझ्याचा आणि गाडीचा. जैसलमेरी हलका, लांब पायांचा, स्वारीचा. मेवाडी डोंगरात चालणारा आणि दुधाला बरा. आपल्या पेशवाईतल्या सांडणीस्वारांना जे जनावर लागायचं ते दुसऱ्या जातकुळीचं. त्याला दीड टनाच्या गाडीला जुंपून बघू नये.

सायविरजण

दूध विकलं जातं. अमूलने जानेवारी 2019मध्ये कच्छमधलं दूध बाटलीत आणलं, तेव्हा अर्ध्या लिटरची बाटली 50 रुपयांना होती. बिकानेरच्या राष्ट्रीय उष्ट्र संशोधन केंद्रातही (स्थापना 1984) दूध आणि त्याचे पदार्थ मिळतात. राजस्थानात मात्र संकलन फार विरळ आहे.

धार काढण्यातच निम्मी मेख आहे. उंटिणीच्या कासेत गाई-म्हशीसारखं दूध साठून राहत नाही. पिल्लू तोंड लावतं, मिनिटभरात पान्हा सुटतो आणि पुढच्या दोनएक मिनिटांत संपतो. म्हणून दोन माणसं दोन बाजूंनी उभ्यानेच काढतात, भांडं गुडघ्यावर. चारपैकी दोन सड पिल्लाला आणि दोन माणसाला, ही जुनी रीत. पिल्लू मेलं तर बहुतेकदा दूधही आटतं. चरणाऱ्या उंटिणीकडून माणसाच्या वाट्याला दिवसाकाठी 3-4 लिटर धरावं, चारा उत्तम असेल तर जास्त. मात्र वेत लांब चालतं, वर्ष ते दीड वर्ष. गाभण काळ 13 महिन्यांचा, म्हणजे दोन वर्षांत एक पिल्लू.

दही का लागत नाही? लागतं, पण पातळ, ओघळणारं. दह्याचा गोळा धरून ठेवणाऱ्या केसीन या प्रथिनाचे कण या दुधात मोठे असतात आणि त्यांतल्या कप्पा-केसीनचं प्रमाण फार थोडं, गाईच्या साधारण चौथा हिस्सा. शिवाय गाईच्या दुधात असणारं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन उंटिणीच्या दुधात नसतंच. दूध उकळलं की हे प्रथिन केसीनला चिकटून दही घट्ट करतं, ती मदत इथे नाही. वासराच्या रेनेटने (दूध गोठवणाऱ्या विकराने) चीज करायला गेलं तर गुठळी मऊ राहते आणि बराचसा घन भाग निवळीत वाहून जातो. उंटाच्याच कायमोसिनवर (रेनेटमधल्या मुख्य विकरावर) बेतलेलं विकर वापरलं तर चीज जमतं. लिंबू पिळून पनीर करायचं तर चुऱ्याची तयारी ठेवा.

लोणीही हट्टी. चरबीचे कण बारीक, त्यामुळे साय वर येत नाही, आणि चरबी वितळते 40 अंशांच्या पुढे. गाईची साय 10-12 अंशांना घुसळतात, ही 22-25 अंशांना घुसळावी लागते. गार साय तासभर घुसळूनही काही निघत नाही ते यामुळेच.

चहा होतो. खारट चाऱ्यावरच्या दुधाचा किंचित खारट लागतो एवढंच. कुल्फी आणि मिल्कशेकला हे दूध उत्तम, कारण तिथे गोळा बांधायची गरज नाही.

फॅटबद्दल गैरसमज आहे. उंटिणीला पाणी कमी पडलं की दूध आटण्याऐवजी पातळ होतं, पिल्लाला पाणी मिळावं म्हणून. उन्हाळ्यात फॅट घसरतं आणि डेअरीवाला भेसळीचा संशय घेतो. एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने) आधी किमान 3 टक्के फॅट ठरवलं होतं, नंतर ते 2 टक्क्यांवर आणलं. एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) किमान 6 टक्के.

कच्चं पिऊ नका. ब्रुसेलोसिस (जनावरांतून दुधावाटे माणसाला होणारा जिवाणूंचा आजार) उंटातही असतो. 63 अंशांना 30 मिनिटं किंवा 72 अंशांना 15 सेकंद तापवलं की झालं. हे दूध गाईच्या दुधापेक्षा काही तास उशिरा नासतं, त्यामुळे लोक ते 'अँटिबायोटिक' असल्यासारखं वागवतात. मधुमेहावर बिकानेरमध्ये थोड्या रुग्णांवर अभ्यास झाले आहेत, इन्सुलिनची गरज घटल्याचं त्यांत दिसलं. अभ्यास लहान आहेत. कुणी इन्सुलिन बंद करून हे दूध प्यायला लागला तर तो जिवाशी खेळ आहे.

काळी-मृदा

माण-खटाव आणि मराठवाड्याबद्दल. उत्तर सरळ 'नको' असं आहे.

पहिलं कारण पाय. उंटाचा तळवा रुंद, मऊ, गादीसारखा. वाळूत भार पसरतो. ओल्या चिकण मातीत त्याला पकड नाही, खुराची धार नाही. पाय फाकून घसरला तर मांडीचे स्नायू फाटतात, हाडही मोडतं, आणि 500 किलोचं जनावर परत उभं करणं जवळपास अशक्य. जून ते सप्टेंबर काळ्या रानात उंट बांधूनच ठेवावा लागेल. मेंढरं घेऊन विदर्भ-खानदेशात येणारे कच्छकडचे रबारी उंटावर बाजा, भांडी, कोकरं लादतात. पावसाळ्यात ते मुक्कामाला उंच, निचऱ्याची जागा शोधतात ती याचसाठी.

दुसरं कारण सर्रा. रक्तातल्या ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय या परजीवीमुळे होतो, चावणाऱ्या मोठ्या माश्या (टॅबॅनस) एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. पावसाळा संपता संपता जोर असतो. राजस्थानात याला तिबरसा म्हणतात. ताप येतो-जातो, हिरड्या पांढुरक्या, कुबड वितळत जातं, पायांवर-पोटाखाली सूज, उंटीण गाभडते. ताप असताना काढलेल्या रक्ताच्या नमुन्यात परजीवी सापडतो. ताप नसताना काढलं तर अहवाल 'निगेटिव्ह' येतो आणि मालक निर्धास्त होतो. घोटाळा नेमका इथेच होतो. उपचार क्विनापायरामिनने, मात्रा वजनावर, कातडीखाली, आणि पशुवैद्याकडूनच. गाई-म्हशींना सर्रास दिलं जाणारं डिमिनॅझीन उंटाला झेपत नाही, विषबाधा होते. आपल्याकडच्या तालुक्याच्या दवाखान्यात उंट वर्षानुवर्षं येत नाही, त्यामुळे हा धोका खरा आहे.

तिसरं खरूज. हिवाळ्यात वाढते, आधी डोकं, मान, जांघा, मग सगळं अंग. कातडी जाड होऊन सुरकुतते. आयव्हरमेक्टिन किलोमागे 0.2 मिलिग्रॅम कातडीखाली, दोन आठवड्यांनी पुन्हा. एकदाच देऊन थांबलं तर अंड्यांतून नवे किडे येतात. दूध देणाऱ्या जनावराला ते देण्याआधी विचारा, कारण औषध दुधात उतरतं. पलाण, गादी, दोर उन्हात तापवले नाहीत तर खरूज परत येणारच.

आणि कायदा. राजस्थानने 2014मध्ये उंटाला राज्यपशू केलं आणि 2015च्या कायद्याने त्याची कत्तल व राज्याबाहेर नेणं या दोन्हींवर निर्बंध घातले. तिथून उचलून आणता येत नाही.

तिवर

कच्छचा खाराई उंट राहिलाच. हा खाडीतून पोहत बेटांवर जातो आणि तिवरं चरतो. 2015मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. फकिराणी जत आणि रबारी हे याचे पालक. पावसाळ्यात बेटांवरच्या खड्ड्यांत गोडं पाणी साठतं, तोवर कळप तिथे राहतात. पाणी आटलं की परत किनाऱ्यावर. बंदरं आणि मिठागरं यांच्या बांधांनी तिवरांपर्यंतची वाट अडली, की या उंटाचा मुख्य चाराच तुटतो. 'उंट म्हणजे वाळवंट' हे समीकरण इथे तुटतं.

ओरण

आकडा का घसरतो ते कुणी लिहिलं नाही म्हणून.

2012च्या पशुगणनेत देशात सुमारे 4 लाख उंट, 2019मध्ये अडीच लाख. सात वर्षांत 37 टक्के घट. 2019च्या आकड्यातले दोन लाखांहून जास्त एकट्या राजस्थानात.

कळप पाळणारे रायका-रेबारी मुख्यतः माद्या ठेवत आणि नर पिल्लं पुष्कर, नागौर, तिलवाड्याच्या बाजारात विकत. घेणारा शेतकरी किंवा गाडीवान असे. दूध विकणं त्यांच्यात कमीपणाचं मानलं जाई, उत्पन्न नर विकूनच. ट्रॅक्टर आणि पिकअप आले, नराचं गिऱ्हाईक गेलं. 2015च्या कायद्याने राज्याबाहेरचं गिऱ्हाईकही तोडलं. हेतू संरक्षणाचा, परिणाम असा की भाव पडले आणि तरुणांनी कळप सोडले. इंदिरा गांधी कालव्याने (काम 1958पासून) चराईचं रान बागायती केलं. देवाच्या नावाने राखलेली ओरणं आणि गोचर जमिनी कुंपणात गेल्या, त्यात आता सौर प्रकल्पांची भर. केस, चामडं हे जोडधंदे: मोठ्या उंटाचे वर्षाला साधारण किलोभर केस, बकरीच्या केसांत मिसळून दोर आणि सतरंज्या, चामड्यावरची सोनेरी उस्ता कला बिकानेरची. त्यावर कळप जगत नाही.

सायविरजण यांच्याशी एका बाबतीत मतभेद. दूध हा उपाय म्हणून मांडला जातो, पण 40 उंटिणींचा कळप रोज जागा बदलतो. सकाळचं दूध दोन-तीन तासांत 4 अंशांवर न्यायचं, तर शीतकेंद्र कळपाजवळ हवं नाहीतर कळप शीतकेंद्राजवळ. दुसरं केलं की तिथली झाडं दोन हंगामांत बोडकी होतात.

सायविरजण

मान्य, आणि त्यात आणखी एक. भाव चांगला मिळाला की चारही सड पिळले जातात आणि पिल्लं मरतात. पहिले तीन महिने पिल्लाला पूर्ण दूध सोडणं हा नियम कागदावर न ठेवता संकलन केंद्रानेच पाळायला लावला पाहिजे. पण नराला गिऱ्हाईक नसताना दुधाशिवाय दुसरं रोख उत्पन्न तुम्ही सांगा.

ओरण

चराईचा हक्क आधी, मग काहीही विका. ओरणात वाट मोकळी नसेल तर दूध 50 रुपये असो की 500.

रेतघड्याळ

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं: पुण्यात ऑनलाइन पावडर मिळते. घेताना काय बघावं?

सायविरजण

लिटरभर दुधात घन पदार्थ साधारण 100 ते 120 ग्रॅम, म्हणजे 100 ग्रॅम पावडरसाठी लिटरच्या आसपास दूध लागतं. तिकडचा दुधाचा भाव घ्या, त्यावर फ्रीझ-ड्रायिंगचा (गोठवून वाळवण्याचा) खर्च धरा. पावडर त्याहून स्वस्त असेल तर तिच्यात गाईची पावडर आहे. घटकांत फक्त उंटिणीचं दूध लिहिलेलं हवं, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भरीची पूड) नको. परवाना क्रमांक तपासा. मिसळताना पाणी कोमट घ्या, उकळतं घेतलं तर गुठळ्या होतात. पाकिटावर 'लॅक्टोज-मुक्त' लिहिलं असेल तर परत ठेवा. या दुधात साडेचार टक्क्यांच्या आसपास लॅक्टोज असतं, वाळवल्याने ते कमी होत नाही.